रुग्ण हलला

फोनवर आकडेवाल्या बाईंनी विचारलं ते एवढंच होतं. ‘‘सदतीस नंबरच्या माणसाला कंप होता का हो?’’ आवाजात संशय नव्हता. बाहेर ऊन आहे का असं खिडकीपासून लांब बसलेल्या माणसाने विचारावं, तसं त्यांनी विचारलं. धाकटा, म्हणजे इथला नाडी मोजणारा तंत्रज्ञ, तपासणीच्या खोलीत पलंगाशी उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात नाडीवर टेकवायची पेन्सिलीएवढी कांडी, नुकतीच कापसाने पुसलेली. सकाळपासूनचा चौथा रुग्ण आताच बूट घालून गेला होता आणि पलंगावरच्या कागदी चादरीवर त्याच्या पाठीचा आकार अजून होता. ‘‘का हो, काय झालं?’’ धाकट्याने विचारलं. ‘‘झालं काही नाही. अभ्यासातल्या सगळ्यांच्या नोंदी साफ करायला घेतल्यात. एकशेवीस माणसं आहेत. ‘रुग्ण हलला’ म्हणून मोजणी रद्द, असं बाकीच्यांत एखाद-दोनदा आहे, कित्येकांत तेही नाही. ह्या एकट्याच्या नावावर अकरा वेळा. आता तर तो माणूस हयात नाही, असंही दिसतंय. म्हटलं, कंप असणार बिचाऱ्याला. तसं असेल तर लिहून द्या, विषय संपला.’’ मग त्यांनी चिठ्ठी पाठवली आणि ती छपाईच्या यंत्रातून कोमट बाहेर आली. दोन चौकोन, होता आणि नव्हता, आणि खाली सहीची रेघ. एका चौकोनात बरोबरची खूण केली की सुटका. मेलेल्या माणसाला कंप होता की नव्हता हे छातीठोक सांगणारा ह्या इमारतीत एकच इसम होता, आणि चिठ्ठी त्याच्याच हातात होती.

सदतीस नंबर म्हणजे दादा, धाकट्याचा थोरला भाऊ. हे इथे कुणाला माहीत नव्हतं. नातेवाइकांना अभ्यासात घ्यायचं नाही असा नियम होता, पण त्यांचं आडनाव असं की त्या आडनावाची माणसं शहरात पैशाला पासरी, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि धाकट्याने सांगितलं नाही. आणि कंपाचंच म्हणाल तर दादाइतका न हलणारा माणूस धाकट्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कचेरीसमोरच्या गल्लीत दादाचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्याने दिवसाला साठ-सत्तर माणसांना ‘‘हलू नका’’ म्हटलं. नोकरीच्या अर्जाला, परवान्याला, परदेशी जायला लागणारे टिचभर फोटो. समोरचा माणूस हलायचा नाही कारण दादा स्वतः हलायचा नाही. कॅमेऱ्यामागे उभा राहिला की त्याचा श्वाससुद्धा दिसत नसे. दुकानातली माशी त्याच्या मनगटावर बसून कंटाळून उडून जाई. ‘‘माणूस आपल्याकडे बघून स्थिर होतो,’’ तो म्हणायचा, ‘‘आपण डुललो की तोही डुलतो. गाय डुलली की वासरू डुलतंच.’’ अशी म्हण कुठेही नव्हती. दादा म्हणी स्वतः पाडायचा आणि वर ‘जुने लोक सांगून गेलेत’ म्हणायचा. वडील गेले तेव्हा दादा एकवीसचा आणि धाकटा सातचा. तेव्हापासून धाकट्याच्या आयुष्यात स्थिर म्हणावं असं जे काही होतं, ते त्या गल्लीत कॅमेऱ्यामागे उभं होतं.

कांडी तिच्या खाचेत ठेवून त्याने पुढच्या रुग्णाला दुपारनंतर यायला सांगितलं. मग त्याच पलंगाच्या कडेवर बसला. ह्याच पलंगावर दादा चार वेळा झोपला होता. अभ्यास हळदीचा होता. हळद ज्याच्यामुळे पिवळी दिसते ते द्रव्य, कर्क्युमिन, वेगळं काढून मधुमेहाच्या माणसांना वर्षभर द्यायचं आणि त्यांच्या रक्ताच्या नळ्यांना काही फरक पडतो का ते बघायचं. साखर वर्षानुवर्षं अंगात राहिली की नळ्या कडक होत जातात, बागेतली रबरी नळी उन्हात पडून कडक होते तशा. आणि त्या कडकपणाचा भार शेवटी हृदयावर येतो. मोजायचं ते असं की मानेजवळून निघालेली नाडीची लाट मांडीपर्यंत किती वेगात पोचते. नळी मऊ असेल तर लाट रमतगमत येते, कडक असेल तर सुसाट. म्हणजे आकडा जितका लहान तितका माणूस बरा. निम्म्या लोकांच्या कॅप्सुलांत खरं द्रव्य, निम्म्यांच्या कॅप्सुलांत तसाच पिवळा रंग दिलेलं पीठ. कुणाला काय ते ना देणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला. डबीवर नुसता नंबर. हे सगळं धाकट्याने स्टुडिओच्या बाकावर बसून समजावलं तेव्हा दादा पोट धरून हसला होता. ‘‘म्हणजे पी हळद नि हो गोरी! अरे, ह्या वयात गोरा होऊन काय करू? तुझी वहिनी चष्म्याशिवाय माझ्याकडे बघत नाही, आणि चष्मा लावला की मुद्दाम बघत नाही.’’ पण घरचा जिना चढताना मधल्या वळणावर तो आताशा कठड्याला हात लावून थांबायचा, आणि ‘वरच्या मजल्यावरच्यांनी काय रंग दिलाय भिंतीला’ असं काहीतरी बघायचा. धाकट्याला ते दिसत होतं. म्हणूनच त्याने नियम गुंडाळून ठेवला. आपल्या हाताशी औषध आहे आणि आपला दादा रांगेबाहेर, हे त्याला सोसलं नाही. फक्त ते औषध आहे की नाही हेच तर शोधायचं होतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा त्याच्या डोक्यात शिरली नाही. इतरांना मात्र ती तो रोज समजावून सांगत होता.

पहिला आकडा बारा पॉइंट सहा आला. तो खरा होता. तो त्याने जसाच्या तसा लिहिला, कारण सुरुवातीचा आकडा वाईट असला तरी चालतो. उतरायला जागा तरी मिळते. तीन महिन्यांनी दादा पुन्हा ह्याच चादरीवर आडवा झाला. दहा मिनिटं शांत पडायचं, बोलायचं नाही, झोपायचं नाही. दादा पडला तो असा की धाकट्याला वाटलं, आता हाच आपल्याला ‘हलू नका’ म्हणेल. पहिली मोजणी बारा पॉइंट आठ. दुसरी बारा पॉइंट नऊ. दोन्हींच्या लाटा आरशासारख्या स्वच्छ. नियम सांगत होता, दोन जुळल्या, संपलं, लिहा. दादाने मान न हलवता फक्त डोळे त्याच्याकडे वळवले आणि विचारलं, ‘‘वाढला ना रे?’’ विचारताना तो हसत होता, पण गळ्याशी टेकवलेल्या कांडीखाली त्याची नाडी कशी धावली ते धाकट्याच्या बोटांना कळलं. खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आत तयार असलेलं वाक्य बाहेर पडलं. ‘‘थांब, झालं नाही अजून. तू हललास. आणखी एक घेऊ.’’ ‘‘मी?’’ दादा म्हणाला. मग म्हणाला, ‘‘असेन बुवा. वय झालं.’’

‘आणखी एक घेऊ.’ हे वाक्य धाकट्याचं नव्हतंच. वडील गेल्यावर वर्षभराने आईने हट्ट धरला की तिघांचा एक फोटो हवा. दादाने पडदा लावला, आईला खुर्चीत बसवलं, धाकट्याला तिच्या गुडघ्याशी उभं केलं, कॅमेऱ्याची कळ ओढून स्वतः धावत येऊन मागे उभा राहिला. धाकटा हलला. मागे वळून बघायचंच होतं त्याला, दादा खरंच आला का ते. फोटोत आई आणि दादा नीट, आणि मधे धाकट्याच्या जागी धुराचा लोट. ‘‘आणखी एक घेऊ,’’ दादा म्हणाला. पुन्हा हलला. आणखी एक. आई वैतागली, खुर्ची कुरकुरली, दादाला चढ ना उतार. आठव्या वेळी आला. आठवा फोटो चौकटीत बसून भिंतीवर गेला आणि आधीचे सात दादाने धाकट्यासमोर कात्रीने उभे कापले. ‘‘चांगला आला तोच खरा,’’ तो म्हणाला. ‘‘बाकीचे झालेच नाहीत असं समजायचं. माणूस वाईट नसतो रे, वेळ वाईट पडते. आपण फक्त पुन्हा घ्यायचं.’’ आठ वर्षांच्या पोराला ह्याहून मोठी दया कुणी दाखवलेली नव्हती. पुढे शाळेत नापास झाला तेव्हा, पहिली नोकरी सुटली तेव्हा, लग्न मोडून दोन बॅगा घेऊन स्टुडिओच्या दारात उभा राहिला तेव्हा, दादा तेच म्हणाला. आणि त्या दिवशी, चाळीस वर्षांनी, पलंगावर दादा आणि यंत्राशी आपण, असे उलटे उभे राहिल्यावर त्याने ते दान परत केलं. फोटोवाल्याची रीत मापाड्याने उचलली. फोटोत जे सौजन्य असतं ते मोजणीत लबाडी होतं, एवढाच काय तो फरक होता, आणि तो कळायला त्याला दादाचं मरण लागलं.

कांडी किंचित तिरकी धरली की लाट अर्धवट पकडली जाते आणि आकडा घसरतो. हे सगळ्या तंत्रज्ञांना माहीत असतं, कारण नवशिकेपणी सगळ्यांचं असंच होतं. त्याने तिरकी धरली असं तो कधीच म्हणाला नसता. तो फक्त घेत राहिला, आणि एक घसरलेली आली की थांबला. स्वच्छ लाटा रद्द करताना यंत्र कारण विचारायचं आणि तीन पर्याय पुढे करायचं. पट्टी सुटली, रुग्ण बोलला, रुग्ण हलला. त्या दिवशी तीनदा दादा हलला. बारा पॉइंट एक लिहिलं गेलं. आकडा रुग्णाला सांगायचा नाही हाही नियम. दादाला तो दारापर्यंत पोचवताना कानात सांगितला. दादाचा चेहरा असा उजळला की जणू हळद खरंच प्यायला आणि खरंच गोरा झाला. सहाव्या महिन्यात तो चारदा हलला, अकरा पॉइंट सात. नवव्या महिन्यात स्वच्छ आकडा तेरा पॉइंट तीन होता. तेरा पॉइंट तीन, तेरा पॉइंट चार, पुन्हा तेरा पॉइंट तीन. तेव्हा यंत्र बंद करून दादाच्या दंडाला धरून त्याला त्याच पावली हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. डॉक्टर वरच्याच मजल्यावर बसत होते. मधे फक्त बावीस पायऱ्या होत्या. त्याने त्या नंतर मोजल्या. पण सहा महिने जे उतरत आलंय ते आज चढलं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगायचं तर तोवर आपणच निवडलेल्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसला होता. हेच आज चुकीचं येतंय, त्याला वाटलं. ‘‘दादा, हलतोयस.’’ चौथ्यांदा रद्द केल्यावर आलेला आकडा अकरा पॉइंट दोन होता. तो त्याने लिहिला, आणि खाली सही केली, वळणदार.

दादाच्या साखरेच्या डॉक्टरांनी त्याच सुमारास सांगितलं होतं, दम लागतोय तर हृदयाची तपासणी करून घ्या. ‘‘हात दाखवून अवलक्षण कशाला?’’ दादा म्हणाला. ‘‘माझ्या भावाकडे यंत्र आहे. दर तीन महिन्यांनी बघतो तो. उतरतंय.’’ हे त्याने अभिमानाने सांगितलं असणार. ‘माझ्या भावाकडे’ म्हणताना त्याचा आवाज कसा मोठा व्हायचा ते धाकट्याला माहीत होतं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, दादा कॅमेऱ्यामागे गेला तो गेलाच. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, कुठल्याशा कारखान्यातला पहारेकरी, ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेला. दादाने त्याला ‘‘हलू नका’’ म्हटलं आणि मग काहीच म्हटलं नाही. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडामागे तो भिंतीला टेकून हळूच खाली बसला होता, आवाज न करता. पहारेकरी तसाच बसून राहिला. ‘‘मला वाटलं, अजून व्हायचंय,’’ तो नंतर धाकट्याला सांगत होता, टोपी हातात चुरगाळत. ‘‘पाच-दहा मिनिटं तरी गेली असतील साहेब. मान अवघडली. पण ते हलू नका म्हणाले होते ना.’’ दहा मिनिटं. दहा मिनिटांचंच महत्त्व धाकटा रोज रुग्णांना सांगायचा, शांत पडून राहा म्हणून.

ह्या गोष्टीला सात महिने झाले होते. सात महिने त्याने ते आकडे पाठ केले होते आणि कुणाला सांगितले नव्हते. मेलेल्याच्या बाबतीत सांगून उपयोग काय, अशी त्याने मनाची समजूत घातली होती, आणि ती समजूत मागच्या रविवारपर्यंत बरी टिकली. रविवारी तो वहिनीकडे गेला, दर रविवारी जायचा तसा. वहिनीनेच दार उघडलं आणि आत पाच पावलं चालून ती ओट्याला हात टेकून थांबली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्याच्या भांड्याशेजारी ओळखीची पांढरी डबी होती, सदतीस नंबरची. उरलेल्या कॅप्सुला परत करायच्या असतात. त्याने कागदावर ‘हरवल्या’ लिहून दिलं होतं, मागायची हिंमत झाली नव्हती म्हणून. ‘‘ह्या घेतेयस तू?’’ त्याने विचारलं. ‘‘दोन महिने झाले,’’ ती म्हणाली. ‘‘मलाही साखर आहेच की. पायाला मुंग्या येतात, दम लागतो. डॉक्टर म्हणतात हृदयाचं बघून घ्या. म्हटलं, कशाला? ह्यांचा आकडा कसा उतरला होता ह्या कॅप्सुलांनी! नशिबानेच नेलं त्यांना, त्याला औषध काय करणार. आता संपत आल्यात बघ. तुझ्याकडून आणखी मिळतील का?’’ आणि धाकट्याने, ज्याला ह्या प्रश्नाचं उत्तर जगात सगळ्यांत नीट माहीत होतं, ‘‘बघतो’’ म्हटलं. बघतो! आठवडाभर तो ते एक क्रियापद तोंडात घोळवत होता, आणि ते कडू होत चाललं होतं.

चिठ्ठीची चौघडी करून त्याने खिशात घातली आणि बरं वाटत नाही असं सांगून बाहेर पडला. रस्त्यावर दुपारचं पांढरं ऊन होतं. वहिनीकडे जाताना वाटेत स्टुडिओ लागतो. त्याची पाटी अजून होती आणि काचेमागे नमुन्याचे फोटो तसेच, वीस वर्षांपूर्वीची नवरा-नवरी, बाळसेदार मूल, पदवीचा झगा घातलेली कुणाची तरी मुलगी. सगळे चांगले आलेले. ह्या प्रत्येकाच्या मागे कापून टाकलेले किती असतील, असं त्याच्या मनात आलं. खरी माणसं बहुतेक त्या कपट्यांतच गेली. खिशात हात घालून तो चिठ्ठीच्या घड्या चाचपत राहिला. ‘होता’वर खूण केली तर कुणाचं काय जात होतं? एकशेवीसातला एक आकडा. आकडेवाल्या बाई सुखी होतील, मोठे डॉक्टर आपला निष्कर्ष छापतील. वहिनीला सांगावं, कॅप्सुला आता बनत नाहीत. गोड बोलून तिला तपासणीला न्यावं. काहीच उघड न करता सगळं निभावेल, अगदी झाकली मूठ. असं ठरवत ठरवत तो जिना चढला, आणि मधल्या वळणावर कठडा जिथे हातांनी गुळगुळीत झाला होता तिथे त्याचा हात आपोआप थांबला.

‘‘आज कुठे वाट चुकलास? रविवार नाही काही,’’ वहिनी म्हणाली. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. नवऱ्याच्या भावाला भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. पण ‘भाऊजी, शेंबूड पुसा’ हे दोन दिवस म्हणून पाहिल्यावर तिलाच हसू आवरेना, तेव्हापासून तो तिचा ‘तू’. ती धुणं धूत होती. मोरीत बादली आणि कपड्यांचा साबण. ‘‘आणल्यास का?’’ तिने विचारलं. तो ‘नाही’ म्हणाला. तिने ओला हात पदराला पुसला न पुसला आणि डबी उचलली. ‘‘ह्या बघ, चारच राहिल्यात,’’ म्हणून झाकण फिरवलं. झाकण हट्टी होतं. ते एकदम निघालं आणि एक कॅप्सूल उडून मोरीच्या ओल्या फरशीवर पडली. वहिनी ती उचलायला वाकली तोवर तिच्या ओल्या चिमटीत ती फुटली आणि पिवळा भुगा बोटांना, फरशीला, धुवायच्या पांढऱ्या पंच्याला लागला. ‘‘घ्या! आता डाग पडणार,’’ असं पुटपुटत तिने पंच्यावर साबण घासला. आणि थांबली. पुन्हा घासला. मग मान तिरकी करून त्या डागाकडे बघत राहिली. पिवळा फेस आला आणि पाण्याबरोबर निमूट वाहून गेला.

‘‘लाल झाला नाही,’’ ती म्हणाली. धाकट्याला आधी कळलंच नाही. ती उठली, ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद पंच्याच्या दुसऱ्या टोकाला चोळली आणि त्यावर साबण लावला. डाग बघता बघता विटकरी लाल झाला. ‘‘हळदीला साबण लागला की लाल होते. चाळीस वर्षं धुणी धुतेय मी,’’ ती म्हणाली. तिने पंच्याची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरली. यंत्र, संगणक, एकशेवीस माणसं, कुणाला काय दिलं त्याची कुलूपबंद यादी. धाकट्याने तीन वर्षं ह्या डब्यांच्या संगतीत काढली आणि ही परीक्षा त्याला सुचली नव्हती. ‘‘म्हणजे ह्यात हळद नाहीच. पीठ आहे,’’ वहिनी म्हणाली. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. पंच्याचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. मग तिने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ‘‘तुला तरी काय माहीत असणार रे. तुम्हाला कुठे सांगतात कुणाला काय मिळतंय ते. वाईट वाटून घेऊ नकोस. नशिबात पीठ होतं, पीठ मिळालं.’’

इथे थांबता आलं असतं. त्याच्या पुढ्यात क्षमा आयती वाढून ठेवली होती, चुकीच्या गुन्ह्याची का होईना. त्याने ती जवळजवळ घेतलीच. ‘‘हो ना,’’ असं काहीतरी तो म्हणालाही. पण वहिनी अजून पंच्याकडेच बघत होती, आणि हिशेब न जुळणाऱ्या बाईच्या कपाळावर येते तशी एक आठी तिच्या कपाळावर आली. ‘‘मग आकडा कसा उतरला?’’ ती म्हणाली. सहज म्हणाली. सकाळच्या फोनवरच्या आवाजासारखीच, संशयाचा लवलेश नाही. ‘‘पिठाने कसा उतरला? आणि दरवेळी उतरला. किती खूश असायचे. फक्त एक मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. रोज सकाळी खिडकीत हात पुढे धरून बघत बसायचे, बोटं पसरून. मला विचारायचे, माझा हात हलतो का गं? मी म्हणायची, नाही हो. तर म्हणायचे, तुला दिसत नाही, धाकट्याच्या यंत्राला दिसतं. तो म्हणतो मी हलतो. शेवटी शेवटी लहान मुलांचे फोटो घेईनासे झाले. परत पाठवायचे आयांना. म्हणायचे, माझाच भरवसा नाही आता.’’

धाकट्याला बसायला जागा हवी होती आणि तिथे नव्हती. भिंतीवर चौकट होती. आई, मागे एकवीस-बावीस वर्षांचा दादा, आणि गुडघ्याशी एक शहाणं, स्थिर, चांगलं आलेलं पोर. तेरा पॉइंट तीन त्याच्या छातीत होते ते होतेच. हे नवं होतं. दादाचा जीव गेला त्यात नशिबाचा, साखरेचा, वयाचा वाटा होता असं रडूनभेकून म्हणता आलं असतं. पण चाळीस वर्षं जी एक गोष्ट त्या माणसाची स्वतःची होती, ती ह्याने अकरा वेळा कळ दाबून त्याच्याकडून काढून घेतली होती, आणि तो ‘असेन बुवा’ म्हणाला होता. ‘‘आकडा उतरला नव्हता वहिनी,’’ धाकटा म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचं सोपं नव्हतं, पण झालं. कांडी, स्वच्छ लाटा, तीन पर्याय, बारा पॉइंट एक, वरचा मजला, बावीस पायऱ्या. बोलताना आपण रडतोय हे त्याला शर्ट ओला झाल्यावर कळलं. त्याचं बोलून झाल्यावर वहिनीने एकच विचारलं.

‘‘म्हणजे हलले नव्हते ते?’’

‘‘नाही.’’

‘‘एकदाही?’’

‘‘एकदाही नाही. एवढा स्थिर माणूस माझ्या पलंगावर दुसरा आला नाही.’’

तिने डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. धाकट्याला वाटलं शाप असेल, पण ती बहुतेक दादाला सांगत होती. मग उठून तिने पंचा पिळला, दोरीवर टाकला, दोन्ही डाग आतल्या बाजूला येतील असा, आणि उरलेल्या तीन कॅप्सुला मोरीत सोडून वर तांब्याभर पाणी ओतलं. ‘‘ती चिठ्ठी काढ,’’ ती म्हणाली. ‘‘इथेच लिही. माझ्यासमोर.’’ त्याने ओट्यावर चिठ्ठी उलगडली. पेन चालेना, तिने फडताळातून दादाची शिसपेन्सिल दिली, टोक केलेली. ‘नव्हता’ ह्या चौकोनात त्याने खूण केली, खाली तिन्ही भेटींचे खरे आकडे लिहिले, मग ‘मी रुग्णाचा सख्खा भाऊ’ असं लिहून सही केली. नोकरी जाईल, तो म्हणाला. ‘‘जाऊ दे,’’ वहिनी म्हणाली. ते शब्द तिने निर्दयपणे म्हटले नाहीत, नुसते म्हटले. मग तिने खुर्ची ओढून त्याला दिली आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली, जिना चढून आल्यासारखी, एक हात छातीशी.

‘‘उद्या मला घेऊन चल,’’ ती म्हणाली. ‘‘त्या वरच्या मजल्यावर. जे काय असेल ते बघू दे त्यांना.’’ धाकट्याने घाईघाईने मान हलवली. सकाळी लवकर येतो म्हणाला, रिक्षा आणतो म्हणाला, जिना एकदम चढू नकोस, मधे थांबत जाऊ म्हणाला. ती ऐकत होती. त्याने चष्मा पुसला, चिठ्ठी खिशात घातली आणि दाराशी चपला शोधू लागला. तिने तिथूनच हाक मारली, नेहमीच्या आवाजात, लहानपणी डबा विसरला की मारायची तशी.

‘‘धाकट्या, तू सोबत राहा,’’ ती म्हणाली. ‘‘पण मोजायला तू नको.’’